कोठीतली मोजणी

१

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी कोठी साफ करते. अकरा वर्षं झाली, एकही शुक्रवार चुकलेला नाही. वादळात बंदराचा धक्का वाहून गेला त्या आठवड्यातसुद्धा गुडघाभर पाण्यातून येऊन मी कोठी साफ केली होती. आमचा मालक बोयेट म्हणतो, "मनांग, एवढ्या नेमाने चर्चला गेली असतीस तर एव्हाना संत झाली असतीस." मनांग म्हणजे थोरली बहीण. बोयेट माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, तरी तोही मला मनांगच म्हणतो. माझ्या तोंडाला ऑफिसात सगळे टरकून असतात, त्याचा हा मान.

कोठी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आमचं ऑफिस फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, एका बेकरीच्या माडीवर. आम्ही बोटवाल्यांसाठी प्रोग्रॅम बनवतो. धक्क्यावर तिकीट फाडलं की प्रवाशाचं नाव यादीत येतं, माणूस बोटीत चढला की नावापुढे खूण होते, आणि चाळीसच्या बोटीत चाळीस खुणा झाल्या की पडद्यावर हिरवा दिवा लागतो. मग बोट सोडायची. हा प्रोग्रॅम कुणी एका हाताने अखंड लिहीत नाही. त्याचे शेकडो तयार तुकडे असतात, काही आमचे, काही जगभरातल्या लोकांचे. मागच्या खोलीतलं मशीन ते तुकडे जोडतं, त्याला बिल्ड म्हणतात. दर वेळी तुकडे बाहेरून मागवत बसलं तर दिवस मावळेल, म्हणून एकदा आणलेला तुकडा मशीन आपल्याच डिस्कवर ठेवून देतं. कुणी हाताने ठेवला तर तोही ठेवतं. ती कोठी. पुढच्या वेळी मशीन आधी घरात बघतं, आणि घरात सापडलं की बाहेर विचारायलाही जात नाही. ते ताजं की नासकं, खरं की खोटं, काही चौकशी नाही. घरातल्यावर त्याचा आंधळा विश्वास.

म्हणून ही साफसफाई. आधी कोठीची नक्कल एका लहान डिस्कवर घ्यायची, मग कोठी रिकामी करायची, मग सगळं बाहेरून ताजं आणायचं. नक्कल मी पर्समध्ये टाकून घरी नेते आणि फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवते. त्या वादळात ऑफिसातलं होतं नव्हतं ते भिजलं तेव्हा या डब्यानेच आम्हाला तारलं होतं. तेव्हापासूनची ही सवय. हात आपोआप ते काम करतात, डोकं लागत नाही.

२

त्या मंगळवारी मी तियो अंबोच्या मयताला गेले होते. आमच्याकडे दफनापर्यंत चार-पाच दिवस मयत घरातच ठेवतात, लोक येऊन बसून जातात. तियो अंबो माझा सख्खा मामा, अठ्ठ्याऐंशीचा. उभा जन्म त्याने धक्क्यावर प्रवासी मोजले. बोट भरली की काठाकाठाने चालत जायचा आणि प्रत्येक माणसामागे हातातली अंगठी लाकडावर आपटायचा. टक. टक. टक. आकडा भरला की दोर सोडायला सांगायचा. एक जरी कमी असला तर म्हणायचा, "एक बाकी." मग कप्तानाने आई-बाप काढले तरी बोट जागची हलायची नाही.

माझी आई, नानाय, त्याची धाकटी बहीण. ती सात वर्षांची असताना एकदा जत्रेहून परतताना धक्क्यावरच्या पोत्यांमागे झोपली. बोट भरली, ऊन उतरायला लागलं, लोक शिव्या द्यायला लागले. सोळा वर्षांचा अंबो दोर धरून उभा राहिला. "माझी एक बाकी आहे." तासाभराने ती डोळे चोळत आली तेव्हाच त्याने दोर सोडला. ही गोष्ट नानायने मला हजारदा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी तिचे डोळे भरतात.

आम्ही मोजणीचा प्रोग्रॅम बनवला तेव्हा नियम विचारायला मी तियोकडेच गेले होते. सगळं समजावून झाल्यावर त्याने विचारलं, "आणि कुणी मागे राहिलं तर तुझं मशीन बोट थांबवेल का गं?"

मी म्हटलं, "मशीन नुसतं मोजतं, तियो. थांबवायचं काम माणसाचं."

"मग काय उपयोग त्याचा," असं म्हणून तो हसला होता.

तो गेल्याचं आम्ही नानायला सांगितलं नव्हतं. तिचं हृदय कसंबसं चालतंय, डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला धक्का बसता कामा नये. शनिवारी दफन उरकलं की डॉक्टरांना समोर बसवून हळूहळू सांगायचं, असं आम्हा भावंडांचं ठरलं. म्हणून मी ऑफिसला चालतील असे काळे कपडे घालून, ऑफिसला जाते सांगून, मयताला गेले. देवा, त्या खोटेपणाची मला लाज वाटत होती, पण आईपुढे लाज कसली. ती आहे म्हणून माझ्या घराला घर म्हणायचं.

मयताच्या घरून थेट आपल्या घरी यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वाटेत कुठेतरी टेकायचं, दुकान म्हणा, खानावळ म्हणा. मागून कुणी आलं असेल तर ते तिथेच राहतं. याला पगपग म्हणतात, झटकून टाकणं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण पाळते. घरी नानाय होती, उगाच विषाची परीक्षा कशाला?

कॉफीच्या दुकानाशी उतरणार तोच जुनेलचा फोन. जुनेल आमच्याकडे कोड लिहितो, सव्वीस वर्षांचा, हुशार, आणि महा आळशी.

"मनांग, डिस्क भरली. बिल्ड अडकलंय. बोयेट सर डोक्यावर बसलेत."

"बसू दे. रिकामंच आहे, जागा भरपूर."

तरी गेले. थांबा तो थांबा, कॉफीचं दुकान काय नि ऑफिस काय. मागच्या खोलीत उभ्याउभ्या जुनी बिल्डं पुसली, जागा केली. मामेबहिणीने निघताना माझ्या पर्समध्ये मयताच्या बिस्किटांचा पुडा कोंबला होता. तोही घरी नेत नाहीत. तो मी मशीनवर ठेवून दिला.

जुनेलने पुडा बघितला, माझे काळे कपडे बघितले आणि तो ओरडला, "पगपग इथे केलंत? तुम्ही जाल निवांत घरी, आणि मामा बसतील आमच्या मानगुटीवर!"

"बसू दे. तुझ्यापेक्षा वेळेवर येत जातील."

तेव्हा घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे ती वेळ मला फार वेळा बघावी लागली, म्हणून लक्षात आहे.

३

बुधवारी सकाळी चाचणी नापास झाली.

बिल्ड झालं की मशीन आपलंच काम तपासून बघतं. त्यासाठी मी अकरा वर्षांपूर्वी चाळीस खोट्या प्रवाशांची यादी केली होती. नावं सुचेनात म्हणून घरचीच टाकली: भावंडं, बोयेट, खालची बेकरीवाली, सगळे. चाळीसच्या चाळीस बोटीत चढतात आणि उत्तर चाळीस येतं. अकरा वर्षांत दुसरं उत्तर आलेलं नाही. बुधवारी एकोणचाळीस आलं.

मोजणीचा तुकडा कुठून आला ते तपासलं. बाहेरून नव्हता आला, कोठीतला होता. मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं, हाताने ठेवलेला. ठेवणाऱ्याचं नाव माझं.

मी ठेवला नव्हता. पण मयताहून आलेलं माणूस, डोकं ठिकाणावर नसेल, चुकून एखादी कळ दाबली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुकडा पुसला, बिल्ड चालवलं. ताजा तुकडा बाहेरून आला. चाळीस. झालं, म्हटलं, आणि कॉफी करून आणली. पुन्हा एकदा चालवलं. एकोणचाळीस. तुकडा कोठीत परत हजर, मंगळवार, चार दहा.

"जुनेल, गंमत पुरे हं."

"कसली गंमत?"

"कोठीत हात घालतोयस."

"मनांग, आईची शपथ! मी माझं स्वतःचं कपाट आवरत नाही, तुमची कोठी कशाला उपसू?"

हे मात्र खरं होतं. मी दिवसभरात तो तुकडा सहा वेळा पुसला. दुपारी जुनेल जेवायला गेला आणि मी एकटी त्या खोलीत बसले. खिडकी नाही, पंख्याची घरघर, खालून पावाचा वास. घरघरीत मधेच आवाज आला, टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. डिस्क मरायला टेकली की अशी वाजते, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तेवढ्यात एक गोष्ट नजरेला पडली. बिस्किटांचा पुडा तसाच उघडा पडला होता आणि त्याला एकही मुंगी नव्हती. बेकरीच्या माडीवर, आमच्या गावात, गोड बिस्किटाला मुंगी नाही.

का कोण जाणे, मी टकटक मोजायला लागले. सारख्या अंतराने येत होती, एका जागेवरून नाही, भिंतीच्या कडेकडेने सरकत आल्यासारखी. एकोणचाळीस झाल्या आणि थांबली. मी वाट बघत बसले. काहीच झालं नाही. जुनेल दात कोरत आत आला तेव्हा मी जवळजवळ किंचाळलेच.

"डिस्क चाललीय, मनांग," तो म्हणाला. "माझ्या लॅपटॉपची अशीच वाजायची."

"किती वाजायची?"

"किती म्हणजे? मोजत कोण बसतं?"

४

गुरुवारी सकाळी नानाय पेज पिता पिता म्हणाली, "अंबो कुठवर आला गं, इंदाय?" इंदाय म्हणजे पोरी. पन्नाशीच्या बाईला अजून पोरीच म्हणते.

रोज ती विचारायची, अंबोचा फोन आला का. हे असं कधी विचारलं नव्हतं.

"तो कशाला येईल? गुडघे दुखतात त्याचे," मी म्हटलं.

"आता नाही दुखत," ती म्हणाली आणि पुन्हा पेज प्यायला लागली. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात. मी तिचं तोंड पुसलं आणि निघाले. दिवसा शेजारची लिंडे तिच्याजवळ बसते.

ऑफिसात आल्याआल्या मी एक साधी गोष्ट केली, जी खरं तर बुधवारीच करायला हवी होती. एकोणचाळीस चढले, तर राहिला कोण, हे मशीनला विचारलं. पडद्यावर एकच ओळ आली. इसाबेल, बाकी.

इसाबेल हे नानायचं नाव. यादीत चाळिसावं. अकरा वर्षांपूर्वी मीच माझ्या हातांनी लिहिलं होतं.

मला भीती वाटली. उगाच आव आणत नाही. तोंडाने मात्र मी तर्क चालवत होते: शेवटचं नाव आहे, मोजणी एकाने चुकतेय, मग शेवटचंच गळणार, त्यात काय. यादी उघडली, नानायचं नाव खोडलं आणि तिथे जुनेलच्या सासूचं टाकलं.

"माझ्या सासूला कशाला बुडवताय?" जुनेल म्हणाला.

"तू गप्प बैस."

बिल्ड चालवलं. इसाबेल, बाकी.

यादीत ते नाव आता नव्हतंच. मी तीनदा वाचली. मग डोक्यात प्रकाश पडला की यादीसुद्धा एक तुकडाच आहे, तिची जुनी प्रत कोठीत असणार आणि मशीन आधी घरातलंच उचलतं. कारण मिळाल्यावर मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ती जुनी प्रत मी कोठीत शोधली. मला सापडली नाही. मशीनला मात्र दर वेळी सापडत होती.

बोयेट दारात येऊन उभा राहिला. माझ्या तोंडाकडे बघून त्याने थट्टा केली नाही. "उद्या शुक्रवार आहेच," तो म्हणाला. "सगळी कोठीच उडव. डिस्कही नवी घालू. आणि मनांग, घरी जा आता, रंग उडालाय तुझा."

त्याच्यामागे, खोलीच्या कोपऱ्यात, टकटक चालू झाली होती. बोयेटने मान वळवून बघितलं. मग, अगदी हळू आवाजात, "खाली ट्रॉली ओढताहेत वाटतं," म्हणाला आणि घाईने निघून गेला. बेकरी गुरुवारी बंद असते.

५

शुक्रवारी मी नेहमीचं काम नेहमीसारखं केलं. लहान डिस्क लावली, नक्कल घ्यायला सुरुवात केली. पट्टी हळूहळू भरत गेली आणि तेवढा वेळ टकटक चालू होती. मी कान झाकले नाहीत. कामात असले की मी कुणाच्या बापाला भीत नाही. एकोणचाळीसनंतर थांबली, त्याच वेळी नक्कल पूर्ण झाली. लहान डिस्क काढली, पर्समध्ये टाकली. कोठी रिकामी केली. जुनी डिस्क काढून बोयेटने माझ्यासमोर हातोड्याने फोडली. नवी घातली. बिस्किटांचा पुडा जुनेलने दोन बोटांत धरून खाली नेला आणि नाल्यात फेकला.

बिल्ड चालवलं. नवी कोठी, सगळं बाहेरून, एक एक तुकडा. पाऊण तास लागला. चाळीसपैकी चाळीस. पुन्हा चालवलं. चाळीस. पाच वेळा चालवलं. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

बोयेटने सगळ्यांना पान्सित मागवलं. शेवया खाता खाता मी इतकी हसत होते की जुनेल म्हणाला, "मनांग, तुम्हाला दात आहेत हे आज कळलं."

"चावायला लागतात. तुझ्यासारख्यांना."

पाच वाजता मी पर्स उचलली. जुनेल जिन्यावरून ओरडला, "आज थेट घरीच ना? कुठे टेकायचं नाही?"

"थेट घरी! आज कुठल्या मयताला गेले नव्हते!"

जीपनीत, आमच्याकडच्या शेअर गाडीत, खिडकीशी जागा मिळाली. वाऱ्याने डोळे मिटले. उद्या दफन, परवा डॉक्टरांना बोलवायचं, मग नानायचा हात हातात घेऊन सांगायचं, असं मनात जुळवत होते. तीन दिवसांत पहिल्यांदा मला मोकळं वाटत होतं.

६

नानाय दारात बसली होती, चर्चला जायच्या निळ्या झग्यात. केस विंचरलेले, पायांत सँडल, मांडीवर कापडी पिशवी. लिंडे मागे रडवेली उभी.

"दुपारपासून अशी बसलीय," लिंडे म्हणाली. "मीच कपडे घातले, ऐकेचना. मी काही बोलले नाही हो मनांग, तुमच्या मामांबद्दल एक अक्षर नाही."

"कुठे निघालीस, नानाय?"

"किती वेळ लावलास," ती म्हणाली. पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे बघून, आणि तेसुद्धा लाडाने, लहान मुलीसारखं तोंड करून. "लोक शिव्या देत असतील तुला."

"कुणाशी बोलतेयस? कुणी काही सांगितलं का तुला?"

"सांगायला कशाला हवं, इंदाय? तूच घेऊन आलीस की त्याला."

मला एकदम समजलं. जे मी मंगळवारी ऑफिसात टेकून झटकलं होतं, ते तिथेच राहिलं होतं, मशीनच्या कोठीत. आणि आज मी त्याची नक्कल घेऊन, अकरा वर्षांच्या सवयीने, पर्समध्ये घालून, वाटेत कुठेही न थांबता माझ्या आईच्या दारात आले होते.

पर्स मी बाहेर भिरकावली. कुंपणापलीकडे जाऊन पडली. लिंडे दचकून बाजूला झाली.

मग फाटकाच्या फळीवर वाजलं. टक. पुढच्या फळीवर टक. कुंपणाच्या काठाकाठाने, सारख्या अंतराने, न घाई न उशीर. फळ्या संपल्या आणि आवाज पायरीच्या कठड्यावर चढला. मी नानायचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला. पस्तीस. छत्तीस. उन्हं उतरली होती, दाराबाहेर अजून पुरता उजेड होता, आणि त्या उजेडात कुणी नव्हतं. फक्त अडतिसाव्याला, दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूने, चार बोटं दिसली. सुरकुतलेली, उन्हाने रापलेली. एकात अंगठी.

एकोणचाळीस.

बोटं तिथेच राहिली. वाट बघत.

"तियो," मी म्हटलं. "तियो, नको. बोट सोड तू. मी हात जोडते, सोड बोट."

"असं कसं सोडेल?" नानाय मलाच समजावत म्हणाली. "त्याची एक बाकी आहे ना." तिने माझ्या गालाला गाल लावला. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. "रडू नको. एकोणचाळीस माणसं उन्हात खोळंबलीत गं, इंदाय. माझ्या एकटीसाठी."

मी हात सोडला नाही. घट्ट आवळला, तिला दुखेल इतका. तिनेही माझा हात धरला होता, म्हातारीच्या मानाने केवढ्या जोरात.

मग तिने मोकळा डावा हात उचलला आणि एका बोटाने खुर्चीच्या लाकडी दांड्यावर ठोकलं, एकदाच.

बाहेर कुठेतरी ओला दोर पाण्यात पडल्याचा आवाज झाला. चौकटीवर बोटं नव्हती. नानायचा हात माझ्या हातातच होता, मी तो धरूनच होते, पण आता तो मला धरत नव्हता.